ताटातलं उरलंसुरलं : आइल रॉयलवरचे सहा दिवस

दिवस पहिला : मिनीयापोलिस ते कॉपर हार्बर

"मामा, प्राणी बघायला येणार असशील तर येऊच नकोस. मी सगळा वेळ खाली बघत चालते," भाचीने फोनवर आधीच बजावलं होतं. ती जंगलातल्या मातीवर शिकते. म्हणजे नेमकं काय करते, हे तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. "बुरशीवर काहीतरी करते," एवढं बोलून ती विषय बदलते. लग्नाच्या स्थळांसमोर तर हमखास.

सप्टेंबरची सुरुवात होती. पहाटे निघालो, डुलुथवरून लेक सुपीरियरचा दक्षिण काठ धरला आणि साडेसहाशे किलोमीटर गाडी हाकली. वाटेत टाइम झोन बदलतो आणि एक तास फुकट जातो, तो परतीच्या वाटेवर मिळतो. होटनला भाचीला घेतलं. तिच्या पाठपिशवीचं वजन माझ्यापेक्षा कमी, आणि त्यातही एक भिंग, एक वही आणि मेतकुटाचा डबा.

कॉपर हार्बर म्हणजे रस्ता संपतो ते गाव. इथून सुरू होणारा हायवे ४१ थेट मायामीपर्यंत जातो, तशी पाटीही आहे. मोटेलमध्ये दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन नऊला आडवे झालो.

दिवस दुसरा : बोट, धुकं आणि झाडावर वाळत घातलेली अळंबी

आइल रॉयल हे लेक सुपीरियरमधलं बेट. लांबी ७२ किलोमीटर, रुंदी जेमतेम १४. नाव फ्रेंचांनी दिलेलं, त्याआधीचं, इथल्या मूळ ओजिब्वे लोकांचं नाव मिनाँग. १९४० पासून नॅशनल पार्क. गाड्या नाहीत, रस्ते नाहीत, आणि हिवाळ्यात पार्क चक्क बंद. बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचं.

आम्ही बोटीने गेलो. साडेतीन तास. लेक सुपीरियरला तलाव म्हणायला जीभ वळत नाही. महाराष्ट्राचा चौथा हिस्सा पाण्याखाली घातला तरी ते पाणी थोडं उरेल. त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता आणि लाटा बोटीला कुशीवर झोपवत होत्या. पहिल्या तासातच मी कागदी पिशवी हातात घेतली. "कोकणातला माणूस आणि बोट लागते?" भाचीने विचारलं. आमचं गाव सावंतवाडीपासून आत डोंगराकडे आहे, समुद्र आम्ही सुट्टीत बघायला जायचो, हे सांगण्याच्या अवस्थेत मी नव्हतो.

रॉक हार्बरला उतरल्यावर रेंजर बाईंनी सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं करून नियम सांगितले. त्यातला एक ऐकून माझ्या पोटात पुन्हा ढवळलं. इथलं पाणी गाळून किंवा उकळूनच प्यायचं, नुसत्या गोळ्या टाकून चालत नाही, कारण त्यात एका फीतकृमीची अंडी असू शकतात. हा कृमी लांडग्याच्या आतड्यात राहतो, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ती मूस नावाच्या थोराड हरणाच्या पोटात जातात, त्याच्या फुप्फुसात गाठी होतात, आणि तो मूस लांडग्याने खाल्ला की चक्र पूर्ण.

लांडगा आणि मूस ही इथली जगप्रसिद्ध जोडी. मूस म्हणजे हरणांच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर; उंचीला आमच्या आंबोलीच्या गव्यालाही मागे टाकेल, पण तब्येतीत गव्याचा रुबाब नाही. लांब काटकुळे पाय, लोंबतं नाक आणि गळ्याखाली एक पिशवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूस बेटावर पोचले, बहुधा पोहत. १९४८-४९ च्या सुमारास तलाव गोठलेला असताना बर्फावरून लांडगे आले. संशोधक डरवर्ड ॲलन यांनी १९५८ मध्ये दोघांची मोजणी सुरू केली आणि ती आजतागायत चालू आहे. अस्वल नाही, दुसरी हरणं नाहीत. एक खाणारा, एक त्याला खाणारा, आणि चहूबाजूंनी पाणी. अभ्यासकाला आणखी काय हवं?

दुपारी किनाऱ्याच्या पायवाटेने थ्री माइलच्या तळाकडे निघालो. नाव तीन मैलांचं, अंतर त्याहून थोडं कमी, पण ओल्या दगडांवरून आणि सुजलेल्या मुळांवरून ते सहा मैलांसारखं वाटतं. वाटेत भाची थांबली आणि पहिल्यांदाच वर बघायला लागली. स्प्रूसच्या फांदीच्या बेचक्यात एक अळंबी ठेवलेली. टोपी वर, देठ खाली, नीट अडकवलेली. दोन फांद्या सोडून दुसरी. पुढच्या झाडावर तिसरी, ती वाळून चामड्यासारखी झालेली.

"खार," भाची म्हणाली. "बेगमी."

इथली तांबडी खार हिवाळ्यासाठी अळंबी अशी झाडावर वाळवते. आजी माळ्यावर सुकट, कोकमं, फणसाच्या आठळ्या ठेवायची, तसंच. जमिनीखाली वाढणाऱ्या गाठीसारख्या अळंब्याही ती वास काढून उकरते. त्यांना टोपी नाही, वारा लागत नाही. बीजाणू पसरायला कुणीतरी खाऊन दुसरीकडे शी करणं एवढाच मार्ग. "म्हणजे बघ," भाची म्हणाली, "बुरशीच्या दृष्टीने खार ही पोस्टमन आहे."

मी म्हटलं, "आणि मूस?"

"मूसचं प्रकरण मोठं आहे. उद्या."

रात्री शेल्टरमध्ये झोपलो. तीन बाजूंनी लाकडी फळ्या, समोर जाळी. बाहेर काढून ठेवलेला माझा एक मोजा सकाळी नव्हता. इथले कोल्हे चोर आहेत हे मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, मी हसलो होतो.

दिवस तिसरा : फर, स्प्रूस आणि चराईबंदी

सकाळी डेझी फार्मच्या तळावर पोचून पथारी टाकली आणि ग्रीनस्टोन रिज चढायला घेतला. हा बेटाचा कणा; वर माउंट ओजिब्वेचा जुना टेहळणी मनोरा आहे. चढ मोठा नाही, तास-दीड तासाचा. आम्हाला चार तास लागले.

कारण भाचीने मला आधी दोन झाडं ओळखायला शिकवली. एक सुई तोडायला सांगितली आणि अंगठा-तर्जनीत फिरवायला लावली. फिरली. चौकोनी, टोचरी, पेन्सिलसारखी गोल गोल फिरणारी. "हा स्प्रूस." मग दुसऱ्या झाडाची. ती फिरेना, कारण चपटी. मऊ, खालून दोन पांढऱ्या रेघा, चुरगळली तर संत्र्याच्या सालीसारखा वास. "हा बाल्सम फर. मूसला विचारलंस तर तो सांगेल, पहिलं औषध, दुसरं जेवण."

त्यानंतर मला जंगल वेगळंच दिसायला लागलं. वाटेच्या कडेला माझ्या मांडीएवढे फर उभे, पण कुंपणाच्या मेंदीसारखे छाटलेले. शेंडाच नाही. वर जायचा प्रयत्न केला की खाल्ला गेला, पुन्हा फुटला, पुन्हा खाल्ला गेला. मला ते दोन-तीन वर्षांचं रोप वाटलं. भाचीने बुंध्याला हात लावून म्हटलं, "वयाने माझ्याएवढं असेल." आणि त्याच्या शेजारी, त्याच मातीत, स्प्रूस सरळसोट तीस फूट गेलेला. त्याला कुणी तोंड लावलेलं नाही.

तोडलेली फांदी कुणी खाल्ली हेही कळतं. मूसला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तो खालच्या दातांत आणि वरच्या कडक हिरडीत डहाळी पकडून हिसका देतो, त्यामुळे टोकाला फाटका, चिंध्यांसारखा गुच्छ राहतो. सशाने कुरतडलेली डहाळी सुरीने तिरकी कापल्यासारखी. पुढचा तासभर मी प्रत्येक झुडपापाशी वाकून "मूस, मूस, ससा, मूस" करत होतो. मागून आलेल्या एका जोडप्याने आम्हाला वाट सोडून पुढे जाताना सहानुभूतीने बघितलं.

मनोऱ्यापाशी बसून आम्ही पोहे भिजवले. उत्तरेला कॅनडाचा किनारा स्पष्ट दिसत होता. तिथे भाचीने 'मोठं प्रकरण' सोडलं.

आपल्याकडे पाणलोटाची कामं करणारी गावं चराईबंदी करतात, तसाच प्रकार इथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाला. बेटावर चार ठिकाणी उंच जाळीची कुंपणं घातली. आत मूसला मज्जाव, बाहेर मोकळं रान. आत-बाहेर माती तीच, पाऊस तोच, बर्फ तेच. साधारण चाळीस वर्षांनी संशोधक जॉन पास्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडची माती तपासली. निष्कर्ष १९९३ मध्ये छापून आले. कुंपणाच्या आतल्या मातीत कार्बन आणि नायट्रोजन जास्त, झाडांना मिळू शकेल असा नायट्रोजन सुटण्याचा वेग जास्त, आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांचा श्वासही जास्त. श्वास म्हणजे शब्दशः श्वास: बुरशी आणि जिवाणू कुजवण्याचं काम करताना किती कार्बन डायऑक्साइड सोडतात ते मोजतात. जिथे मूसचा वावर जास्त, तिथे हा फरकही ठळक.

मी म्हटलं, "साहजिक आहे. इतकं अवजड जनावर माती तुडवणारच."

"तुडवण्याचा प्रश्न नाही रे. तो काय खातो याचाही तितकासा नाही. तो ताटात काय टाकतो ते बघ."

आणि मग तिने मनोऱ्याखाली दोन ठिकाणी जमिनीवरचा पाला काडीने अलगद बाजूला केला. आधी एका बर्चखाली. वर या वर्षीची कोरडी पानं, खाली गेल्या वर्षीची जाळीदार झालेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती. बोटभर जाडीत सगळा संसार आटोपलेला. पानांना पानं पांढऱ्या तंतूंनी शिवलेली. वास आमच्या परसातल्या शेणखताच्या खड्ड्याचा. मग स्प्रूसखाली. वर सुया, खाली सुया, त्याखाली तपकिरी झालेल्या पण अजून अख्ख्या सुया. बोट दोन पेरं आत गेलं तरी मातीचा पत्ता नाही. तिने सगळं होतं तसं पुन्हा झाकलं.

मूसला आवडतात बर्च, ॲस्पेन, माउंटन ॲश, आणि हिवाळ्यात फर. यांचा पाला मऊ, नायट्रोजनने भरलेला, बुरशीला पचायला सोपा. स्प्रूस त्याला आवडत नाही कारण त्यात राळ आणि कडू द्रव्यं. गंमत अशी की जी चीज मूसच्या पोटाला जड, तीच बुरशीलाही जड. मूस चांगलं चांगलं खातो, स्प्रूस सोडतो, स्प्रूसला मोकळी जागा मिळते, स्प्रूस वाढतो, वर्षानुवर्षं त्याच्याच सुया पडतात, त्या सावकाश कुजतात, त्यांच्यात अडकलेला नायट्रोजन सुटायला उशीर, आणि अशा गरीब मातीत पुन्हा स्प्रूसचंच फावतं. पास्टर आणि मंडळींनी १९८८ मध्ये जो लेख लिहिला त्याच्या नावातच मूस आणि सूक्ष्मजीव शेजारी शेजारी बसवलेत.

पंक्तीत एखादा पाहुणा श्रीखंड, मसालेभात, बटाट्याची भाजी सगळं साफ करतो आणि ताटात फक्त कारल्याच्या फोडी ठेवतो. मागून जेवणाऱ्यांना काय मिळणार? कारलं. इथे मागून जेवणारी पंगत म्हणजे बुरशी.

"आणि तेवढ्यावर थांबत नाही," भाची म्हणाली. कुजवणारी बुरशी वेगळी, मुळांशी सोयरीक केलेली वेगळी. बर्च, फर, स्प्रूस यांच्या बारीक मुळांवर बुरशी मोज्यासारखी चढते, तिथून तिचे तंतू दूरवर जाऊन पाणी आणि क्षार आणतात. बदल्यात झाड उन्हात बनवलेल्या साखरेतला दहा-वीस टक्के वाटा तिला देतं. आता झाडाचा शेंडा दरवर्षी ओरबाडला गेला तर झाड आधी स्वतःची पानं पुन्हा काढणार की मुळाखालच्या भाडेकरूला साखर देणार? अलास्कात तनाना नदीकाठी असंच कुंपण घालून पाहिलं होतं. मूस आणि ससे ज्यांना खात होते त्या विलो आणि पॉप्लरच्या मुळांवर बुरशीचे मोजे कमी निघाले. ते काम १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं.

माउंटन ॲशची सोयरीक तर आणखी तिसऱ्याच बुरशीशी; ती मुळाच्या पेशींच्या आत शिरते, तिला वर छत्रीच येत नाही. म्हणजे मूसने एक झाड खाऊन संपवलं की जमिनीखालचं एक अख्खं घराणं उठतं आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही.

"म्हणजे चरणारी जनावरं वाईटच?" मी विचारलं. मामा लोकांना असे ठोक प्रश्न पडतात.

"कुरणात उलटं होतं," ती म्हणाली. यलोस्टोनच्या गवताळ भागात एल्क आणि बायसन चरतात तिथे मातीत नायट्रोजन अधिक वेगाने फिरतो, हे तिथेही कुंपण घालूनच मोजलेलं आहे. गवत खाल्लं की कोवळं गवत परत येतं, वर शेण-मूत पडतं. गवतात निवडायला जागा कमी. इथे जंगलात मूसला निवडायला मिळतं, हीच मेख.

उतरताना एक गोष्ट बघितली जी अजून डोळ्यासमोर आहे. वादळात चार-पाच मोठे स्प्रूस एकमेकांवर आडवे पडलेले, सगळ्या वाळक्या फांद्यांचा काटेरी पसारा. मूसचं तोंड आत पोचत नाही. आणि त्या पसाऱ्याच्या मधोमध, दिवाळीच्या किल्ल्यात कुणी खोचून ठेवल्यासारखी, शेंडा शाबूत असलेली फरची कोवळी झाडं. एक माउंटन ॲशही, लालचुटूक फळांसकट. पडलेल्या झाडांनी बिनखर्चाची चराईबंदी केली होती.

दिवस चौथा : मॉस्की बेसिन, मूस आणि लेंड्या

डेझी फार्म ते मॉस्की बेसिन सहा किलोमीटर. सकाळपासून झिमझिम. पाऊस आला की भाचीचा चेहरा उजळतो. माझे बूट आतून ओले होतात.

या टप्प्यात अळंबी इतकी, की पाय कुठे ठेवावा कळेना. बर्चखाली तपकिरी टोपीची, देठावर काळे खवले असलेली, टोपीखाली पापुद्र्यांऐवजी स्पंजासारखी भोकं. पुढे पिवळ्या टोपीवर पांढरे ठिपके, चित्रातल्यासारखी, ती विषारी. आमच्याकडे हिला सरळ 'कुत्र्याची छत्री' म्हणून लाथ मारली असती. आजी श्रावणात वारुळावरची अळंबी काढायला पहाटे जायची, आणि जागा स्वतःच्या सुनांनाही सांगायची नाही. ती अळंबी वाळवीच्या घरातली. वाळवी आत बुरशीची शेती करते, जास्त झालं की वर छत्री येते. इथे वाळवी नाही. इथली छत्री झाडाच्या मुळाची. भाचीचं म्हणणं, वर झाड कुठलं हे न बघता नुसती अळंबी बघून सांगता येईल की आपण बर्चखाली आहोत की स्प्रूसखाली. तिने डोळे खाली ठेवून चारपैकी चार ओळखली. मी एक.

संध्याकाळी पाऊस थांबला. मॉस्की बेसिनचं पाणी काचेसारखं स्थिर, त्यावर लून पक्ष्याची ती हुंदक्यासारखी हाक. आणि मग पलीकडच्या काठाला एक मोठा दगड हलला.

मादी होती. पोटापर्यंत पाण्यात. डोकं पूर्ण पाण्याखाली घालायची, दहा-पंधरा सेकंदांनी वर काढायची, तोंडातून वेलींच्या दोऱ्या लोंबताहेत आणि कानांवरून पाणी निथळतंय. पाणवनस्पतींत तिला सोडियम मिळतं, जे झाडपाल्यात फारसं नसतं. चघळण्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. उन्हाळ्यात असं जनावर दिवसाला वीसेक किलो हिरवं रिचवतं. पाच मिनिटांनी ती काठावर चढली, अंग झाडलं आणि झाडीत गेली. इतकं धिप्पाड जनावर, पण एक काटकी मोडल्याचा आवाज नाही.

मी फोटो बघत होतो तोवर भाची ती ज्या वाटेने गेली असेल तिकडे अंतर राखून जाऊन आली आणि मला बोलवायला लागली. लेंड्या सापडल्या होत्या. दोन-तीन दिवसांच्या, करवंदाएवढ्या. तिने भिंग दिलं आणि मला पोटावर झोपवलं. पन्नाशीच्या माणसाने ओल्या शेवाळावर पालथं पडून मूसची विष्ठा भिंगातून बघावी, ही वेळ माझ्यावर आली.

पण काय दिसलं! लेंडीवर काचेच्या टाचण्या उभ्या. प्रत्येकीचं डोकं पाण्याच्या थेंबासारखं फुगलेलं, पारदर्शक, आणि त्यावर काळी टोपी. सगळ्या एकाच दिशेला, उजेडाकडे कललेल्या. ही पायलोबोलस नावाची बुरशी. आतला दाब वाढत जातो आणि ती काळी टोपी, म्हणजे बीजाणूंची पुडी, बंदुकीसारखी उडवते. दोन-दोन मीटर लांब. का? कारण लेंडीजवळचं कुणी खात नाही. दूरच्या पानावर चिकटायचं, ते पान मूसने खायचं, आतड्यातून सुखरूप बाहेर पडायचं आणि ताज्या लेंडीवर पुन्हा टाचण्या उभ्या करायच्या. मूस नसेल तर हिचा वंश थांबला.

"म्हणजे मूस एका बुरशीचं ताट काढून घेतो आणि दुसरीचं वाढतो," मी म्हटलं. भाचीने मान डोलावली, बहुतेक पहिल्यांदाच.

शेणावरच्याच दुसऱ्या एका बुरशीचे, स्पोरोर्मिएलाचे, बीजाणू तलावाच्या गाळात हजारो वर्षं टिकतात. गाळाच्या ज्या थरात ते भरपूर, त्या काळात काठावर मोठी शाकाहारी जनावरं भरपूर. इंडियाना राज्यातल्या ॲपलमन तलावाच्या गाळात हे बीजाणू साधारण १४,८०० वर्षांपूर्वीपासून घटत गेलेले दिसतात. मॅमथ, मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या, आता नामशेष झालेल्या जनावरांच्या ऱ्हासाची ती नोंद. हाडं सापडोत न सापडोत, बुरशीने हजेरीपट ठेवलाय.

दिवस पाचवा : लेक रिचीच्या वाटेवरची हाडं

आज सामान तळावरच ठेवून फक्त लेक रिचीपर्यंत जाऊन यायचं होतं. वाटेवरून वीसेक पावलं आत, एका खोलगट जागी भाचीला पांढरं काही दिसलं. मूसची कवटी, उपडी. पुढे जबडा, दाढा झिजून सपाट झालेल्या. बरगड्या विखुरलेल्या, हिरवं शेवाळ चढलेलं. एका मांडीच्या हाडावर उंदरांनी कुरतडल्याच्या बारीक समांतर रेघा. कशालाही हात लावला नाही. जागा वहीत टिपली.

या बेटावर १९५८ पासून ३,६०० हून जास्त मूसच्या मरणाच्या जागा नकाशावर नोंदल्या गेल्यात. जोसेफ बंप, रॉल्फ पीटरसन आणि जॉन वुसेटिच यांनी त्यांचा उपयोग करून २००९ मध्ये एक अभ्यास छापला. जिथे मूस मरून पडला, तिथल्या मातीत आजूबाजूच्या मानाने नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम शंभर ते सहाशे टक्क्यांनी जास्त. बुरशी आणि जिवाणूंच्या खुणा सरासरी ३८ टक्के जास्त. तिथे उगवलेल्या झाडांच्या पानांतही नायट्रोजन जास्त. लांडगे कुठे शिकार करतात, त्यावर या सुपीक ठिपक्यांची रांगोळी ठरते.

आणि खरंच, कवटीभोवतीची झाडं आजूबाजूपेक्षा गर्द होती. का माझा भास? मी भाचीला विचारलं. "मोजल्याशिवाय मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. तिच्या या सवयीमुळे तिच्याशी गप्पा मारणं कधी कधी फार अवघड होतं. पण ती वाकली, कवटीच्या डोळ्याच्या खोबणीजवळ उगवलेल्या विलोची एक डहाळी मला दाखवली. टोक फाटकं, चिंध्यांसारखं. दुसरा कुणी मूस इथे येऊन जेवून गेला होता.

संध्याकाळी डेझी फार्मला परतताना आम्ही लांडग्यांबद्दल बोललो. दिसला एकही नाही, ऐकूही आला नाही. १९८० मध्ये ५० होते, मग कुत्र्यांच्या पार्व्होव्हायरसने धाडकन कोसळले. पुढे आपापसातल्या प्रजननाने खंगत गेले आणि २०१८ पर्यंत फक्त दोन उरले, तेही बाप आणि मुलगी, आणि वर सावत्र भावंडं. मूस २०१९ मध्ये दोन हजारांवर गेले. बाहेरून लांडगे आणावेत की निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं, यावर बरीच वर्षं वाद झाला. शेवटी २०१८-१९ मध्ये १९ आणले. २०२४ च्या मोजणीत लांडगे ३० आणि मूस ८४० च्या आसपास. माझं मत विचाराल तर आणले ते बरं केलं. १९९४ मध्येच फरच्या खोडातल्या वर्तुळांवरून दाखवून झालं होतं की लांडगे घटले की मूस वाढतात आणि फरची वाढ आखडते. फरच्या खाली काय आखडतं, ते मोजायला मात्र माझ्या भाचीसारखी खाली बघणारी माणसं लागतात.

"मूस अर्धे झाले, म्हणजे आता माती लगेच सुधारेल?"

"झाडं दहा वर्षांत उंच होतील. सुयांचा तो थर काढायला बुरशीला किती लागतील, ते तूच बघितलंस की, बोट घालून."

दिवस सहावा : धुकं आणि फोन

शेंगदाण्याचे शेवटचे दोन लाडू खाऊन रॉक हार्बरला परत. बोटीला वेळ होता म्हणून स्कोव्हिल पॉइंटकडे निघालो. बेटाच्या ईशान्येला, पाण्यात सुटं असं पॅसेज आयलंड आहे. तिथे मूस कधी स्थिरावले नाहीत, त्यामुळे तिथे कॅनडा यू नावाचं बुटकं झुडूप अजून दाट आहे. मुख्य बेटावर ते मूसने जवळजवळ संपवलं. म्हणजे निसर्गाने घातलेलं पाचवं कुंपण, तलावाच्या पाण्याचं. भाचीला ते निदान लांबून दाखवायचं होतं. टोकापर्यंत गेलो आणि समोर धुक्याशिवाय काही नाही. वीस मिनिटं बसलो. मेतकुटाचा रिकामा डबा घेऊन परत आलो.

बोट या वेळी शांत चालली. कॉपर हार्बर जवळ आल्यावर फोनला रेंज आली आणि पहिला फोन बहिणीचा.

"मूस दिसला का रे?"

"दिसला. पाच मिनिटं."

"अरे, मग सहा दिवस केलंत काय?"

मी भाचीकडे बघितलं. ती बुटांच्या तळव्यात अडकलेली माती काडीने उकरत होती, वर बघायला तयार नव्हती.

"त्याने काय काय खायचं टाकलं, ते बघत होतो," मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग बहिणीने विषय बदलला आणि दोघं धड जेवलात का, ते विचारलं.